प्रकल्प नोंदी: १४ बाय ११ च्या खोलीत ५.१ स्पीकरांचं कॅलिब्रेशन

पुण्यातल्या एका फ्लॅटमधली बंद खोली. ५.१ म्हणजे पाच स्पीकर आणि खालच्या सुरांसाठी एक सबवूफर; ते खोलीत बरोबर ऐकू यावेत म्हणून त्यांच्या जागा, पातळ्या आणि वेळा जुळवणं म्हणजे कॅलिब्रेशन. लांबी ४.२७ मीटर, रुंदी ३.३५, उंची २.९. वर आरसीसी स्लॅब, खाली व्हिट्रिफाइड टाइल, भिंतींवर पीओपी आणि पेंट. टीव्ही ११ फुटी भिंतीवर. उजव्या भिंतीत अगदी मागे अडीच फुटी दार, डाव्या भिंतीत सरकती अॅल्युमिनियम खिडकी.

सामान: ऑडिसी मल्टइक्यू एक्सटी (माइकने खोली मोजून आवाज आपोआप दुरुस्त करणारी प्रणाली) असलेला रिसिव्हर (सगळे स्पीकर चालवणारं यंत्र), साडेसहा इंची वूफरचे दोन बुकशेल्फ स्पीकर स्टँडवर, आडवा सेंटर (मधला, संवादांचा स्पीकर), भिंतीवर लावायचे दोन सराउंड (बाजूचे-मागचे स्पीकर), १० इंची पोर्टवाला, म्हणजे पेटीला हवेचं भोक असलेला सबवूफर (पुढे नुसतं ‘सब’). मोजायला यूमिक-१ माइक, लॅपटॉपवर रूम इक्यू विझार्ड हे मोजमापाचं सॉफ्टवेअर (पुढे नुसतं ‘रू’; इक्यू म्हणजे ठरावीक सूर वाढवणं किंवा कापणं), बूम स्टँड, मल्टिमीटर, टेप, ओळंबा आणि मास्किंग टेप. सबच्या वाटेवर मिनीडीएसपी २ बाय ४ एचडी (सिग्नलवर फिल्टर लावणारी छोटी पेटी).

शनिवार, ४ जानेवारी २०२५

काहीही न हलवता, सामान जसं होतं तसंच पहिलं मोजमाप घेतलं. हे टाळू नये. सुरुवातीचा आलेख हाताशी नसेल तर पुढे काय सुधारलं आणि काय बिघडलं ते सांगता येत नाही.

मोजायची वेळ सकाळी सहाची. पंखा तीनवर असताना खोलीतला आवाज ४४ डेसिबल, बंद केल्यावर ३१. शेजारच्या कुकरची शिट्टी स्वीपच्या (खालपासून वरपर्यंत सरकत जाणाऱ्या चाचणीच्या सुराच्या) मधोमध आली की त्या ठिकाणी आलेखावर काटे उभे राहतात. तसा स्वीप टाकून द्यायचा, सरासरीत धरायचा नाही.

यूमिकला अनुक्रमांकानुसार दोन कॅलिब्रेशन फाइल मिळतात, शून्य अंशाची आणि नव्वद अंशाची. माइकचं तोंड छताकडे असेल तर नव्वदची लावायची. चुकून शून्याची लागली तर साधारण ८ किलोहर्ट्झच्या वरचं चित्र खोटं येतं, मग त्या खोट्या चित्राला धरून ट्रेबल (वरचे सूर) ‘दुरुस्त’ होतो. विंडोजमध्ये माइकची पातळी १०० टक्के, सगळी ‘एन्हान्समेंट’ बंद. एचडीएमआयवरून चॅनेल पाठवताना बाजूचे आणि मागचे चॅनेल अदलाबदल होण्याची शक्यता असते, म्हणून स्वीपआधी एकेका चॅनेलला पिंक नॉइज (सगळे सूर मिसळलेला ‘श्श’ असा आवाज) देऊन कुठला स्पीकर वाजतो ते कानाने पाहून घेतलं.

सबचा ‘ऑटो’ स्विच ‘ऑन’वर ठेवला. ऑटोवर असला की सब झोपलेला असतो आणि स्वीपचा खालचा भाग निघून गेल्यावर जागा होतो. आलेखात ४० हर्ट्झखाली काहीच दिसत नाही आणि दोष खोलीला लागतो.

सोफा मागच्या भिंतीला टेकलेला, डोकं भिंतीपासून २५ सेंटिमीटरवर. सब पुढच्या उजव्या कोपऱ्यात. निकाल: ४० हर्ट्झला १२ डेसिबलचा उंचवटा आणि ८० च्या आसपास ८ डेसिबलचा खड्डा. रिव्हर्ब (आवाज थांबल्यावर खोली घुमत राहते तो काळ) १ किलोहर्ट्झला ०.६२ सेकंद. टाळी वाजवली की बाजूच्या दोन भिंतींमध्ये ‘टर्रर्र’ असा फडफडता प्रतिध्वनी.

खोलीचे मोड (समोरासमोरच्या भिंतींमध्ये जे सूर अडकून घुमतात ते) हिशोबाने काढले. आवाजाचा वेग सेकंदाला ३४५ मीटर धरून तो मापाच्या दुपटीने भागायचा: लांबीचा ४०, रुंदीचा ५१.५, उंचीचा ५९.५ हर्ट्झ. लांबीचा दुसरा ८१. म्हणजे ४० चा उंचवटा सबचा नाही, खोलीचा आहे. सब बदलून तो जाणार नाही.

रविवार, ५ जानेवारी

वायरिंग. सराउंडची वायर बांधकामाच्या वेळीच कंड्युटमधून टाकलेली, दीड स्क्वेअर एमएमची, एका बाजूची लांबी ११ मीटर. रिसिव्हरपासून सोडवून पलीकडची दोन टोकं पिळून जोडली आणि अलीकडून रोध मोजला. मल्टिमीटरच्या स्वतःच्या वायरींचा रोध वजा जाऊन ०.४१ ओहम. शुद्ध तांब्याची असती तर २२ मीटरला ०.२५ च्या आसपास यायला हवा. ब्लेडने एक तार खरवडली: वर तांबूस, आत पांढरी. म्हणजे तांब्याचा मुलामा दिलेलं अॅल्युमिनियम. (कथिलाचा मुलामा दिलेली तांब्याची तारही वरून पांढरी दिसते, पण ती आतून तांबडी निघते. म्हणून वरच्या रंगावर जाऊ नये.)

६ ओहमच्या स्पीकरला वायरचा रोध ५ टक्क्यांत, म्हणजे ०.३ ओहमच्या आत असावा. ०.४१ मुळे आवाज जेमतेम अर्धा डेसिबल घटतो, तो ट्रिममध्ये (रिसिव्हरमधल्या त्या त्या स्पीकरच्या पातळीच्या आकड्यात) भरून निघाला असता. खरी अडचण वेगळी. अॅल्युमिनियमच्या बारीक तारा स्क्रूखाली दबून तुटतात, सांध्यावर गंज धरतो आणि वर्ष-दोन वर्षांत एखादा चॅनेल अधूनमधून गप्प होऊ लागतो. तोवर भिंतीवर पॅनल आणि फर्निचर आलेलं असतं. आत्ताच अडीच स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर ओढून घेतली, जुन्या वायरीलाच बांधून. नवा रोध ०.१५.

मग पोलॅरिटी, म्हणजे धन-ऋण टोकं सुलट आहेत का ते. रिसिव्हरकडची टोकं सोडवून १.५ व्होल्टचा सेल क्षणभर लावायचा, धन टोक लाल खुणेच्या वायरीला. वूफरचा कोन बाहेर आला पाहिजे. उजवा सराउंड आत गेला. स्विचबोर्डामागच्या जोडात काळी-लाल उलटी झाली होती. हे आज सापडलं नसतं तर मागचा आवाज डोक्याच्या आत घुसल्यासारखा वाटत राहिला असता आणि कितीही इक्यू केलं तरी तो बाहेर आला नसता.

सबमधून बारीक गुणगुण येत होती. रू च्या आरटीएवर (कुठल्या सुराला आत्ता किती आवाज आहे ते दाखवणाऱ्या आलेखावर) ५० आणि १०० हर्ट्झला दोन सुया. एकेक जोडणी काढत गेलो. सेट टॉप बॉक्सला येणारी केबल टीव्हीची कोअॅक्स काढताच सुया खाली बसल्या. इमारतीच्या केबलचं शिल्ड आणि घराचं अर्थिंग यांच्यात विभवांतर असतं, ते एचडीएमआयवाटे रिसिव्हरमध्ये आणि तिथून आरसीए केबलने सबमध्ये शिरतं. कोअॅक्सवर गॅल्व्हॅनिक आयसोलेटर (सिग्नल जाऊ देऊन धातूची थेट जोडणी तोडणारा) लावला, गुणगुण संपली. सबच्या किंवा रिसिव्हरच्या प्लगची अर्थची पिन काढून गुणगुण घालवू नये. ती जाते, पण यंत्राच्या धातूच्या पेटीत वीज उतरली तर तिला वाट राहत नाही.

शनिवार, ११ जानेवारी

बसायची जागा आणि स्पीकरांच्या जागा. कॅलिब्रेशनचं बहुतेक काम हेच आहे आणि यात एकही बटण नाही.

आधी सोफा. भिंतीला टेकून बसलं की लांबीचे सगळे मोड पूर्ण जोराने ऐकू येतात. अगदी मधोमध, २.१३ मीटरवर बसलं तर ४० हर्ट्झ जवळपास नाहीसा. डोकं मागच्या भिंतीपासून १.३० मीटरवर आणलं, तिथे हिशोबाने ४० चा मोड भिंतीपेक्षा ५ डेसिबलने कमी. आणखी पुढे आणलं असतं तर आणखी बरं झालं असतं, पण दाराची वाट अडली असती.

जमिनीवर मधली रेघ मास्किंग टेपने आखली, पुढच्या भिंतीपासून सोफ्यापर्यंत. डोक्याची जागा छतावरून ओळंबा सोडून ठरवली, कान जमिनीपासून ९८ सेंटिमीटर. बाकी सगळी मापं या एका बिंदूपासून.

डावा-उजवा: पुढची बाजू भिंतीपासून ५५ सेंटिमीटर, दोघांमधलं अंतर २.३६ मीटर. कोन मधल्या रेघेपासून २६ अंश. आयटीयूच्या (आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या) बीएस ७७५ शिफारशीत ३० अंश आहेत, डॉल्बी २२ ते ३० चालवून घेतं. ३० साठी स्पीकर बाजूच्या भिंतीपासून २८ सेंटिमीटरवर न्यावे लागले असते. भिंतीशी एवढी लगट करण्यापेक्षा चार अंश सोडलेले बरे. ट्वीटर (वरच्या सुरांचा छोटा स्पीकर) कानाच्या उंचीला, तोंड डोक्याच्या किंचित मागच्या बिंदूकडे. दोन्हींची टेपने मोजलेली अंतरं २.६९ मीटर, फरक १ सेंटिमीटरच्या आत.

५५ सेंटिमीटरमुळे मागच्या बाजूने फिरून भिंतीवर आपटून येणारा आवाज १.१ मीटर जास्त चालतो आणि १५७ हर्ट्झला थेट आवाजाच्या उलटा पडून त्याला खोडतो. आलेखात १५० ते १६० मध्ये ५ डेसिबलचा खड्डा तिथेच दिसला. हा इक्यूने भरायचा नाही. जितकं वाढवाल तितकंच उलटं परत येतं, फक्त अॅम्प्लिफायर तापतो.

सेंटर टीव्ही युनिटच्या खणात आत बसवलेला होता. तो कडेपर्यंत पुढे ओढला, नाहीतर समोरच्या फळीवरून परावर्तन होऊन संवाद पेटीतून आल्यासारखे घोगरे होतात. कानापेक्षा ४८ सेंटिमीटर खाली आहे म्हणून पुढून रबरी पाचर देऊन ११ अंश वर उचलला. मोबाइलचं लेव्हल अॅप एवढ्या कामाला पुरतं.

सराउंड ११० अंशावर लावायचे होते, पण उजवा नेमका दारावर येत होता. एक ११० आणि दुसरा ९५ असं करण्यापेक्षा दोन्ही १०० अंशावर घेतले: कानाच्या रेषेपासून २६ सेंटिमीटर मागे, चौकटीला १३ सेंटिमीटर सोडून. सममिती टिकली तर मागून फिरणारा आवाज एका बाजूला अडखळत नाही. उंची कानापेक्षा ३० सेंटिमीटर वर, म्हणजे तीन माणसं बसली तरी शेजारच्याचं डोकं आड येत नाही. अंतर १.५० मीटर. ब्रॅकेटला ८ एमएमचं भोक, गिट्टी आणि स्क्रू. पीओपीच्या थरावर भरवसा न ठेवता मागच्या विटेपर्यंत.

रविवार, १२ जानेवारी

सबची जागा. सब सोफ्यावर, बरोबर डोक्याच्या जागी ठेवला (खाली जुनी सतरंजी घालून), त्यात ३० ते १०० हर्ट्झचा सावकाश स्वीप सुरू केला आणि माइक जमिनीपासून २० सेंटिमीटरवर धरून जिथे सब ठेवणं शक्य आहे अशा पाच जागा मोजल्या. स्रोत आणि कान यांची अदलाबदल केली तरी आलेख तोच राहतो, म्हणून हा उलटा मार्ग चालतो आणि १८ किलोचा डबा पाच वेळा ओढावा लागत नाही.

पुढचे दोन्ही कोपरे वाईट: ४० ला ७ ते ८ डेसिबलचा उंचवटा. मागचा डावा त्याहून वाईट. पुढच्या भिंतीच्या मध्यावर टीव्ही युनिट आहे. सगळ्यात सपाट निघाली ती डाव्या भिंतीला लागून, पुढच्या भिंतीपासून १.९ मीटरवरची जागा. कारण सरळ आहे. ती लांबीच्या जवळजवळ मध्यावर येते, तिथून ४० चा मोड फारसा पेटत नाही. सब तिथे ठेवून पुन्हा सोफ्यावरून मोजलं: ४० ला +४, ५८ ते ६० मध्ये +५ (उंचीचा मोड, तो जमिनीवर ठेवलेल्या कुठल्याही सबला चुकत नाही), बाकी ३० ते १०० मध्ये ±३ च्या आत.

याची किंमत दोन ठिकाणी मोजावी लागते. एक, सब कानाच्या डाव्या बाजूला १.८ मीटरवर आला, त्यामुळे पुढच्या तिन्ही स्पीकरांचा क्रॉसओव्हर (ज्या सुराखालचा आवाज सबकडे वळवतात तो) ८० च्या वर न्यायचा नाही, नाहीतर पुरुषी आवाजाचा खालचा भाग डावीकडे सरकतो. दोन, रुंदीचा ५१.५ चा मोड इथून पूर्ण पेटतो. मधली सीट त्याच्या शांत रेषेवर आहे म्हणून तिथे कळत नाही, कडेच्या सीटवर +६ दिसतं.

सबच्या मागचा क्रॉसओव्हरचा नॉब पूर्ण वर, फेज (लहर वेळेत पुढे-मागे सरकवणारा नॉब) शून्य. ते काम रिसिव्हर करणार. दोन फिल्टर एकामागे एक लागले की ८० जवळ भोक पडतं.

मिनीडीएसपीत दोनच फिल्टर टाकले: ४०.५ हर्ट्झ, उणे ४ डेसिबल, क्यू ५ (क्यू जितका मोठा तितका फिल्टर अरुंद). आणि ५९ हर्ट्झ, उणे ४.५, क्यू ६. दोन्ही कापणारे, वाढवणारा एकही नाही. मोडचा उंचवटा कापला की त्याचं रेंगाळणंही आटोपतं, वॉटरफॉलमध्ये (सूर किती वेळ रेंगाळतात ते दाखवणाऱ्या आलेखात) ४० ची शेपटी निम्म्यावर आली. ३० च्या खाली काही वाढवायचं नाही. हा पोर्टचा सब आहे, पोर्टच्या ट्यूनिंगखाली कोनला हवेचा आधार राहत नाही आणि तो लांबवर आपटत राहतो.

मिनीडीएसपीचं इनपुट ४ व्होल्टवर घेतलं. २ व्होल्टवर असताना मोठ्या स्फोटाच्या प्रसंगात ‘फट्’ असा कोरडा आवाज येत होता. तो सबचा वाटतो, पण इनपुटच कापलं जात असतं. मीटरवर लाल दिसलं तेव्हा कळलं.

शनिवार, १८ जानेवारी

पॅनल. सुताराकडून २ बाय ४ फुटांच्या सहा पाइनच्या चौकटी, आत ५० एमएमचा ४८ किलो घनतेचा रॉकवूल स्लॅब. स्लॅबवर आधी ग्लास टिश्यू, मग कापड, म्हणजे तंतू गळत नाहीत. कापडाची परीक्षा एकच: तोंडाला लावून फुंकर मारायची. हवा सहज पार गेली तर चालेल. साधं खादीचं सुती उत्तम, सॅटिन अडतं, रेक्झिन साफ निकामी. भरताना हातमोजे, मास्क आणि पूर्ण बाह्या.

बाजूच्या पॅनलची जागा आरशाने काढतात: एकाने भिंतीवरून आरसा सरकवायचा, सोफ्यावर बसलेल्याला ट्वीटर दिसला तिथे खूण. हिशोबाने ती पुढच्या भिंतीपासून १.१० मीटरवर येते, आरशातही तिथेच आली. दोन्ही बाजूंना एकेक. उरलेले चार मागच्या भिंतीवर, मागे ५० एमएम पोकळी सोडून. समोर जमिनीवर ६ बाय ९ फुटांचा जाड गालिचा.

रिव्हर्ब ०.६२ वरून ०.४१. सॅबाइनच्या सूत्राने ०.४० अपेक्षित होता. टाळीची फडफड गेली. संवादातली अक्षरं सुटी झाली. आजवर केलेल्या कामांत कानाला सगळ्यात लवकर कळलेला फरक हा. अंड्याच्या ट्रेसारखा पातळ फोम इथे लावला असता तर फक्त वरचा ट्रेबल शोषला गेला असता आणि खोली मंद, पण तशीच घुमणारी राहिली असती. खालच्या बेसला हे ५० एमएमही काही करत नाहीत, त्याचा बंदोबस्त सबच्या जागेनेच झाला आहे.

रविवार, १९ जानेवारी

ऑडिसी. पहिली फेरी वाया गेली, कारण लिहून ठेवण्यासारखं आहे. माइक कानाच्या उंचीला होता खरा, पण सोफ्याची पाठ त्याच्याहून ४ सेंटिमीटर उंच. सराउंडचा थेट आवाज पाठीआड अडला. ऑडिसीने ट्रेबल कमी आहे असं समजून सराउंडला ४ किलोहर्ट्झच्या वर ४ डेसिबल चढवले. पाऊस-वाऱ्याचे प्रसंग चरचरीत झाले.

दुसरी फेरी: माइक बूम स्टँडवर, तोंड छताकडे, पाठीपेक्षा ८ सेंटिमीटर वर. पाठीवर जाड गोधडी टाकली. स्टँडचे पाय सोफ्यावर नाहीत, जमिनीवर. हातात धरणं किंवा उशीवर ठेवणं नाही. माणूस खोलीबाहेर, एसी आणि पंखा बंद.

आठ जागा. पहिली नेमकी ओळंब्याच्या बिंदूवर, कारण अंतर आणि पातळी तिथूनच ठरतात. दुसरी-तिसरी डावी-उजवीकडे ४५ सेंटिमीटर. चौथी ३० सेंटिमीटर पुढे, पाचवी-सहावी तिच्या दोन्ही बाजूंना ३० वर. सातवी पहिल्यापेक्षा १० सेंटिमीटर वर, आठवी १५ सेंटिमीटर पुढे आणि ५ खाली. सोफ्याच्या दोन टोकांपर्यंत माइक नेला नाही. सगळ्या सीटची सरासरी काढायला गेलं की मधल्या सीटचंही नीट होत नाही.

निकाल (ट्रिम, डेसिबलमध्ये): डावा, उजवा उणे २.०, सेंटर उणे १.५, डावा सराउंड उणे ५.५, उजवा उणे ५.०, सब उणे ६.५. सबचा आकडा उणे १२ वर टेकला असता तर सबचा मागचा नॉब खाली करून पुन्हा फेरी घ्यावी लागली असती, कारण त्याच्या पलीकडे रिसिव्हर कापू शकत नाही. अंतरं टेपशी ५ सेंटिमीटरच्या आत जुळली, सब सोडून: टेपने १.८ मीटर, ऑडिसीने ३.४. ही चूक नाही, हाताने १.८ करू नये. सबच्या आतले फिल्टर आणि मिनीडीएसपी मिळून आवाज उशिरा सोडतात आणि तो उशीर अंतरात धरला जातो. १ मीटर म्हणजे सुमारे २.९ मिलिसेकंद.

हाताने बदललेलं:

डावा-उजवा ‘लार्ज’ (सगळा बेस स्पीकरलाच) आला होता, ‘स्मॉल’ (खालचा बेस सबला) केला, क्रॉसओव्हर ८० हर्ट्झ. भिंतीजवळच्या बुकशेल्फला खोलीचा टेकू मिळतो, म्हणून त्याचा बेस खोल आहे असा मापाचा समज होतो.

सेंटर ६० वरून ८०. सराउंड ११० आले, ते ११० च ठेवले. क्रॉसओव्हर वर नेता येतो, खाली कधी नाही. त्या खाली ऑडिसीने फिल्टर बनवलेलेच नसतात.

एलएफईचा (५.१ मधल्या ‘.१’ चा, फक्त सबसाठीच्या चॅनेलचा) लो-पास १२०, म्हणजे त्याच्या वरचे सूर कापले जातात. सबची पद्धत ‘एलएफई’, ‘एलएफई + मेन’ नाही.

अॅपमधून ऑडिसीचं मिडरेंज कॉम्पेन्सेशन बंद (ते २ किलोहर्ट्झजवळ मुद्दाम खड्डा करतं) आणि दुरुस्ती ५०० हर्ट्झपर्यंतच. खोलीचा हिशोब पाहिला तर मोडचं राज्य २०० हर्ट्झपर्यंत आहे; त्याच्या बरंच वर गेल्यावर ऐकू येतो तो मुख्यतः स्पीकर, आणि चांगल्या स्पीकरचा ट्रेबल आठ बिंदूंच्या सरासरीवरून बदलण्यात आम्हाला फायदा दिसत नाही.

शनिवार, २५ जानेवारी

सब आणि सेंटरची सांधणी. ऑडिसी प्रत्येक स्पीकर वेगळा मोजतं, दोन एकत्र वाजताना काय होतं ते पाहत नाही. सेंटर आणि सब एकत्र स्वीप केले: ८६ हर्ट्झला ६ डेसिबलचा खड्डा. वेगवेगळे मोजले तर दोघेही तिथे ठणठणीत. म्हणजे फेज: दोघांच्या लहरी वेळेत जुळत नाहीत.

रिसिव्हरमध्ये सबचं अंतर बदलून हे सुटतं. ८६ हर्ट्झची लहर ४ मीटरची, म्हणून ३० सेंटिमीटर म्हणजे सुमारे २७ अंश. आधी ३.१ केलं: खड्डा वाढला, दिशा चुकीची. ४.० ला खड्डा दीड डेसिबलवर आला, ४.३ ला अर्ध्यावर, आणि त्यापुढे ४.६, ४.९ सगळे सारखेच दिसू लागले. शिखर सपाट असतं, त्यावरून नेमका आकडा निवडता येत नाही.

म्हणून उलटं केलं. मिनीडीएसपीत सबची पोलॅरिटी उलटी करून सगळ्यात खोल खड्डा कुठे पडतो ते शोधलं. ४.३ ला साडेनऊ डेसिबल, ४.६ ला २०, ४.९ ला १७. सुईसारखं टोकदार, चुकायला जागाच नाही. ४.६ निवडून पोलॅरिटी सरळ केली. सेंटर ६० ते १२० मध्ये आता ±२. डावा-उजवा तपासला: डावा उत्तम, उजव्याला ९० जवळ ३ डेसिबलची घट. ती सोडून दिली. पडद्यावरचं बहुतेक बोलणं सेंटरमधून येतं, म्हणून हक्क त्याचा.

नंतर ऑडिसीची फेरी पुन्हा घेतली तर हा आकडा पुसला जाईल. कागदावर लिहून रिसिव्हरच्या खाली चिकटवला आहे.

रविवार, २ फेब्रुवारी

पातळ्यांची शेवटची तपासणी. बऱ्याच रिसिव्हरांचा आतला टेस्ट टोन इक्यू फिल्टरांतून जात नाही, म्हणून रू चा ५०० ते २००० हर्ट्झचा पिंक नॉइज एचडीएमआयने पाठवला, उणे ३० डीबीएफएस (डिजिटल कमाल पातळीच्या ३० डेसिबल खाली), मास्टर (रिसिव्हरचा मुख्य व्हॉल्यूम) शून्यावर. मीटरची सेटिंग सी वेटिंग, स्लो; प्रत्येक स्पीकर ७५ डेसिबल यायला हवा. पाचही ७४.६ ते ७५.३ मध्ये. मोबाइलच्या अॅपवर हेच काम केलं असतं तर पाचांतला फरक ठीक दिसला असता, मूळ आकडा काही डेसिबलने चुकला असता.

एलएफई चॅनेल वेगळा स्वीप केला की बाकीच्या स्पीकरांतून सबकडे वळवलेल्या बेसपेक्षा १० डेसिबल वर दिसतो. तो तसाच असतो, खाली ओढायचा नाही.

मास्टर शून्यावर सिनेमा पाहायचा नाही. पुढचे स्पीकर १ वॉटला १ मीटरवर ८७ डेसिबलचे, २.६९ मीटरवर ते ७८ च्या आसपास उरतात. शून्यावर शिखर १०५ चं, म्हणजे शेकडो वॉट. उणे १५ वर शिखर ९० चं, १५ वॉटच्या आत काम होतं आणि रिसिव्हर निवांत राहतो. रोजचा आवाज उणे २० ते उणे १५ ठरला. त्या पातळीला डायनॅमिक इक्यू (कमी व्हॉल्यूमला बेस चढवणारी ऑडिसीची सोय) चालू केलं की बेससोबत सराउंडही चढतात आणि मागचा पाऊस संवादावर येतो. ते बंद ठेवून सबचा ट्रिम ३ डेसिबलने वाढवला.

खडखड: ३० ते १०० चा सावकाश साइन स्वीप देऊन खोलीत फिरलो. ४३ हर्ट्झला सरकत्या खिडकीचं तावदान, ५६ ला शोकेसची काच, ७१ ला ट्यूबलाइटची पट्टी. तावदानाला फोमची पट्टी, काचेला फेल्टचे ठिपके, पट्टीचा ढिला स्क्रू आवळला. हे सगळं सबचा दोष म्हणून गणलं जातं.

बाकी राहिलेलं: डाव्या सीटवर ५१.५ हर्ट्झला +६ अजून आहे. मधल्या सीटचं चित्र न बिघडवता तो इक्यूने जाणार नाही. उजव्या भिंतीला, पुढच्या भिंतीपासून १.९ मीटरवर, बरोबर समोरासमोर दुसरा तसाच सब बसला तर रुंदीचा हा मोड दोन्हीकडून एकमेकांना छेद देऊन बसेल. तिथे जमिनीवर टेपची फुली मारली आहे आणि स्कर्टिंगच्या मागून आरसीए केबल ओढून ठेवली आहे.